एक्केचाळिसाव्या नमुन्याबाबत

नॉर्लेन, जिलॉन्ग
शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५

डॉ. लॉकलन प्रिंगल यांस,

गुरुवार, दिनांक ६ फेब्रुवारी रोजी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, ऐन चहाच्या वेळी, आपण प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक तक्ता झळकवलात. त्यात एक्केचाळिसाव्या नमुन्यासमोर लाल अक्षरांत लिहिलं होतं : "ऑपरेटरची चूक. वगळावा." मी तेव्हा तिसऱ्या रांगेत हातात अर्धा लॅमिंग्टन केक धरून बसले होते. निवृत्त झालेल्या बाईला चहाला बोलावून तिची अशी सरबराई करण्याची पद्धत नवीन दिसते. वेळ मी घड्याळात पाहिली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अलॉयशियस सांगायच्या, अपमान झाला की आधी घड्याळ बघावं आणि मग रडावं. घड्याळ बघितलं. रडायचं राहून गेलं.

तो नमुना बनवणारी, मोजणारी आणि नोंदवहीत उतरवणारी ऑपरेटर मी आहे. कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांचं ते काळं रान सिलिकॉनच्या चकतीवर उगवलेलं असतं. त्याची कड पात्याने उचलून त्यातून कोळिष्टकासारखं जाळं मी ओढलं, प्लॅस्टिकच्या पारदर्शक फिल्मवर अलगद निजवलं आणि वर अल्कोहोलचा फवारा मारून बसवलं. मग मोजलं. शंभरातला शहाऐंशी उजेड आरपार गेला आणि वीजही वाहिली. २०२२ च्या नोंदवहीत ते लिहिलेलं आहे, खाली माझी सही आहे आणि साक्षीदाराचीही आहे. साक्षीदार कोण होता, ते आपण जाऊन पाहावं. सही तुझीच आहे, लॉकलन! (आता 'आपण' लिहायचा मला कंटाळा आला.)

एवढ्यावरही तुझं भागलं नाही. तू म्हणालास, "मिस, म्हणजे आता केक तुमच्याकडे लागला!" आणि चौदा माणसं हसली. ज्याची चूक, त्याने पुढच्या गुरुवारी केक आणायचा, हा नियम त्या प्रयोगशाळेत मी चालवला. एकतीस वर्षांत मला एकदाही केक आणावा लागलेला नाही. तू बावीस वर्षांचा विद्यार्थी म्हणून आलास, तेव्हा पहिल्याच महिन्यात तीन आणलेस. त्यातला एक कच्चा होता.

चेष्टा बाजूला ठेवते. तुमचा अहवाल एप्रिलमध्ये छापायला जाणार आहे. मदतनिसांची नावं असल्या अहवालात येत नाहीत, आणि ती यावीत असं मी कधी म्हटलंही नाही. फक्त एका ओळीत, "नमुना ४१ : कॉ. मिफ्सुद" असं लिहायचं तू कबूल केलं होतंस. एकतीस वर्षांतली माझी तेवढी एक ओळ आहे. ती लाल शाईने खोडण्यापूर्वी तू मला एक शब्द विचारायला हवा होतास.

ओळ परत घालावी. लेखी उत्तर शुक्रवार, १४ तारखेला संध्याकाळी पाचच्या आत मिळावं.

कॉन्चेत्ता मिफ्सुद


प्रयोगशाळा, जिलॉन्ग
बुधवार, १२ फेब्रुवारी

मिस,

तुमचं पत्र पोचलं. टपालाने हाताने लिहिलेलं पत्र आमच्याकडे बऱ्याच वर्षांनी आलं. स्वागतकक्षातल्या मुलीने ते उलटसुलट करून विचारलं, "हे उघडतात कुठून?"

केकची थट्टा मी करायला नको होती. माफ करा. पण आकड्याचं काय करू, ते तुम्हीच सांगा. तुमच्या जागी आलेली डॉ. थूय लाम तुम्ही त्या दिवशी पाहिलीत. तुमच्या शेजारी बसून तिने तुमच्या हातातल्या उरलेल्या लॅमिंग्टनकडे काळजीने बघितलं होतं, तीच. तुमची कृती समोर ठेवून तिने दहा नमुने बनवले. दहाही एकाहत्तर. सत्तर नाही, बहात्तर नाही. प्रत्येक फिल्म अशी धुरकट, जणू कुणी श्वास सोडून ठेवलाय. तिचे दहा आणि तुमचा एक. मी काय समजायचं?

आणि तुमचा एक्केचाळीस पुन्हा मोजायलाही उरलेला नाही. ताकद बघण्यासाठी आपण तो खेचून तोडला होता.

त्यात बचाव-नौकेवाले मागे लागलेत. समोरच्या काचेवर ही फिल्म लावायची, वीज सोडली की फिल्म गरम होणार आणि वाफ उडून जाणार. त्यांची कप्तान ब्रेंडा हॉकिंग आमच्या एकाहत्तरच्या तुकड्यातून बघून म्हणाली, "वाफेतून दिसत नाही म्हणून तुमच्याकडे आले. वाफ तुम्ही आतच भरून दिलीत!" तिला निदान ऐंशी हवेत. १४ मार्चला ती नौका घेऊन येणार आहे.

तुमच्या कृतीत काही लिहायचं राहिलंय का, मिस?

लॉकलन


नॉर्लेन
शुक्रवार, १४ फेब्रुवारी

लॉकलन,

"आपण" तोडला? तू तोडलास. मी दारात उभी राहून म्हणाले होते, "अर्धा कापून ठेव रे." तू म्हणालास, "मिस, आणखी शंभर बनवू!" बनव आता.

माझ्या कृतीत काही राहिलेलं नाही. जे शहाण्या माणसाला सांगावं लागत नाही, तेवढंच मी लिहिलेलं नाही. तुमच्यासाठी तेही लिहिते.

उत्तरेकडच्या वाळवंटातून गरम वारा सुटला असेल त्या दिवशी जाळं ओढायचं नाही. हवा कोरडी पडली की ते बोटांना, बाहीला, नाकाला, सगळीकडे चिकटतं, फक्त फिल्मला चिकटत नाही. थूयला केस बांधायला सांग. ओढताना कुणी बोलायचं नाही. तू तर खोलीतच थांबू नकोस, कारण तुझा श्वाससुद्धा बोलका आहे. रान एका कडेला विरळ असतं, तिथून सुरुवात करायची नाही. अल्कोहोलचा फवारा हातभर लांबून मारायचा. झाडांना पाणी घालतोस तसा नाही. तू झाडांना कसं घालतोस ते मी पाहिलंय, खिडकीतलं फर्न त्यानेच मेलं.

आणि वेग. यंत्राच्या वेगाचा आकडा कृतीत आहे, पण यंत्र सुरू होताना हिसका देतं, म्हणून मी पहिली वीत हाताने ओढायची. मेरीमातेच्या एका 'हेल मेरी' प्रार्थनेला एक वीत. मनातल्या मनात म्हणायची, शाळेत प्रार्थनेला म्हणतात त्या चालीवर. भूक लागल्यावर म्हणतात त्या चालीवर नाही. 'आमेन'ला थांबायचं. तुम्ही प्रेस्बिटेरियन पंथाचे लोक सगळंच घाईत उरकता, म्हणून मुद्दाम लिहिते.

हे सगळं करून आकडा आला नाही, तर मला कळवावं. आला तरी कळवावं, आणि त्या पत्रात 'माफ करा' हा शब्द पहिल्या ओळीत असावा.

कॉ. मिफ्सुद


प्रयोगशाळा
सोमवार, २४ फेब्रुवारी

आदरणीय मिस मिफ्सुद,

मी थूय. डॉ. प्रिंगल यांनी तुमचं पत्र फळ्यावर चिकटवलंय. मी तुम्हाला लिहितेय हे त्यांना ठाऊक नाही.

तुम्ही सांगितलेलं सगळं केलं. 'हेल मेरी' मला येत नव्हती. आमच्या घरी बुद्धाची वेदी आहे. सफाईला येणाऱ्या रोझालीनने मला ती शिकवली. पहिल्या दिवशी मी मोठ्याने म्हणाले आणि माझ्या श्वासानेच जाळं छताला गेलं. दुसऱ्या दिवशी मनात म्हणाले. मिस, असं जाळं मी जन्मात ओढलं नव्हतं! अडीच वीत, एक धागा तुटला नाही. उजेडात धरलं तर होतं की नव्हतं तेच कळेना. मी तशीच ओढत मागे सरकत राहिले. दारातून डॉ. प्रिंगल कुजबुजले, "आमेन झालं का?" मी मान हलवली. ते म्हणाले, "मग थांब ना, बाई, भिंत आली!"

आता सगळी प्रयोगशाळा म्हणते. एक इराणी विद्यार्थी आहे, तो आपल्या आजीची प्रार्थना म्हणतो. तिने जाळं जरा जास्त रुंद येतं, असं त्याचं म्हणणं आहे. परवा रोझालीन बादली ठेवून म्हणाली, "एवढी भक्ती तर आमच्या चर्चमध्ये ईस्टरला नसते."

पण मोजलं, तर एकाहत्तर. सहा नवे नमुने, सहाही एकाहत्तर. जाळं सुंदर, वीज छान वाहते आणि फिल्म मात्र धुरकट. मला वाटतं, माझ्या हातातच काहीतरी आहे. तुमचा आकडा चुकला असेल असं मला एकदाही वाटलं नाही, हे तुम्हाला सांगायचं होतं. तुमच्या वह्या मी वाचल्यात. खोटं लिहिणारा माणूस 'आज शिंक आली, नमुना २७ गेला' असं लिहीत नाही.

सोबत पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत एक नमुना ठेवलाय. बाहेर पाठवायची परवानगी नाही. पण तुम्ही बाहेरच्या आहात, असं मला वाटत नाही.

थूय लाम


नॉर्लेन
गुरुवार, २७ फेब्रुवारी, सकाळी ९ वाजून ५ मिनिटे

थूय, पोरी,

खुर्चीत बसून वाच. उभी असलीस तर आधी बस.

पाकीट पोचलं. तुझा नमुना मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी धरला. बाहेर माझं लिंबाचं झाड आहे. ते असं दिसलं, जसं न्हाणीघरातून चष्म्याशिवाय दिसतं. मी म्हटलं, जाळ्याचा दोष नाही, जाळं मला दिसतंच आहे. सरळ, एकसारखं, माझ्यापेक्षा बरं. (हे लॉकलनला सांगू नकोस.) मग धूर कुठला? मी फिल्म उलटी केली. मागच्या बाजूने एका कोपऱ्यावरून नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. आणि कोपरा उठला!

थूय, साल! मागच्या बाजूची साल तुम्ही काढलेलीच नाही! ओरखडे पडू नयेत म्हणून कारखान्यातून चिकटवून येते ती दुधी साल. मी ती चिमटीत धरून ओढली. सर्रकन, कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघून आली, आणि खिडकीत माझं लिंबाचं झाड उभं राहिलं, एकेका पानासकट, त्यावरच्या किडीसकट! मी अशी ओरडले, की कुंपणावरची मॅगपाय उडून गेली आणि शेजारच्या मिसेस ड्रागिचेविचनी भिंतीवरून हाक मारली, "कॉन्चेत्ता, पडलीस का गं?" मी म्हटलं, "मी नाही, पीएच.ड्या पडल्या!"

माझ्या वेळच्या फिल्मच्या गुंडाळीला एकाच बाजूला साल असायची. तुम्ही नव्या कारखान्याची गुंडाळी घेतलीत ना? ते दोन्ही बाजूंना लावत असणार. पुढची तुम्ही सोललीत आणि मागची तशीच ठेवून, सोळा वेळा, देवाची आई आणि इराणी आजी यांना कामाला लावून, तिच्यातून उजेड मोजलात. एरवी नाकाने कांदे सोलणारं तुमचं सगळं मंडळ, आणि खरोखर सोलायची वेळ आली तेव्हा हात मागे!

जा. पळ. सोल. आणि लॉकलनच्या समोर सोल, म्हणजे त्याचा चेहरा कसा झाला ते मला कळवता येईल तुला.

तुझी,
मिस मिफ्सुद

ता. क. तुझ्या हातात काही नाही. हात उत्तम आहेत.


प्रयोगशाळा
मंगळवार, ४ मार्च

मिस,

माफ करा. पहिल्या ओळीत लिहिलंय.

थूय माझ्या खोलीत आली, टेबलावर नमुना ठेवला आणि नखाने सोलला. मी पाहतच राहिलो. मग आम्ही दोघं धावलो. मापनयंत्रापाशी कुणीतरी कॉफी प्यायचं काम करत होतं, त्याला बाजूला केलं. शहाऐंशी! दुसरा, शहाऐंशी! तिसरा, पंच्याऐंशी, आणि इराणी पोरगा म्हणाला, "त्याला प्रार्थना माझी नव्हती." पंधरा नमुने आम्ही सोलले, आणि सोळावा तुमच्या खिडकीत आहे. शेवटी मी खुर्चीवर चढलो. खुर्चीला चाकं असतात हे मला चढल्यावर आठवलं. आता बरा आहे, फक्त कोपर सुजलंय.

मग मी सगळ्यांना बोलावून जाहीर केलं, की एक्केचाळीस खरा आहे, ऑपरेटर बरोबर होती आणि चुकलो आम्ही. टाळ्या पडल्या. लाल ओळ गेली. तुमची ओळ अहवालात परत आली : "नमुना ४१ : ८६, कॉ. मिफ्सुद. पुढील पंधरा नमुन्यांनी दुजोरा." सोळा केकांची पाळी आमच्यावर आलीय, पोटं तयार ठेवा.

१४ मार्चला बंदरावर या. तुम्ही आला नाहीत, तर थूय नौकेत चढणार नाही म्हणते.

लॉकलन


प्रयोगशाळा
गुरुवार, २० मार्च

प्रिय मिस,

शुक्रवारपासून मी हसतेच आहे. कप्तान ब्रेंडाने थर्मासमधला चहा काचेसमोर ओतून वाफ केली, पाच माणसांना काचेवर हा-हा करायला लावलं, समोरचं काही दिसेना, आणि मग तिने खटका दाबला. चाळीस सेकंद! वाफ मधूनच फाटली आणि समोर धक्क्यावर तुम्ही दिसलात, टोपी एका हाताने धरून दुसऱ्या हाताने एका पेलिकन पक्ष्याला दरडावताना. ब्रेंडा म्हणाली, "काच चालते. ती बाई कोण आहे? ती पण हवी आम्हाला." डॉ. प्रिंगल यांनी मला मिठी मारली आणि सुजलेलं कोपर नौकेच्या दारावर आपटून घेतलं.

मिस, एक विचारायचं होतं. काल सहज मी एक नमुना यंत्रात पाव फेरी वळवून ठेवला. तोच नमुना. उभा ठेवला तर शहाऐंशी, आडवा ठेवला तर ब्याऐंशी. मग आणखी दहा वळवून पाहिले, तेही तसेच. जाळ्यातल्या नळ्या विंचरलेल्या केसांसारख्या एकाच दिशेला असतात, आणि यंत्रातला उजेडही थोडा एका बाजूला कललेला असतो. म्हणून एका बाजूने जास्त जातो, दुसरीकडून कमी. दोन्ही घेऊन मधला आकडा द्यायला हवा. तो येतो चौऱ्याऐंशी. ऐंशीच्या वर आहे, ब्रेंडाला चालेल.

तुम्ही एक्केचाळीस कसा ठेवला होतात? दोन्हीकडून मोजला होतात ना? नोंदवहीत सापडत नाही. मी अजून कुणाला बोलले नाही.

थूय


नॉर्लेन
शनिवार, २२ मार्च

थूय,

तीन वर्षांपूर्वी एक पट्टी कशी ठेवली होती, ते आता कुणाला आठवणार? वय झालं माझं. असेल कशीतरी.

लिंबं खूप लागलीत. पाठवते.

मिस मिफ्सुद


(पोस्टकार्ड)
२४ मार्च

ठीक आहे, मिस. तुमची ओळ ८६ च ठेवते. लिंबांची वाट बघते. थूय


नॉर्लेन
मंगळवार, २५ मार्च

लॉकलन,

हे पत्र थूयला मोठ्याने वाचून दाखव.

शनिवारी मी तिला खोटं लिहिलं. मला आठवतं. मला सगळं आठवतं, तुझ्या कच्च्या केकवर कुठलं क्रीम होतं तेसुद्धा आठवतं. एक्केचाळीस मी उभा ठेवला होता. मी नमुन्यांच्या पट्ट्या जाळ्याच्या लांबीने कापायची, आणि जुन्या यंत्राच्या चिमट्यात ती पट्टी उभीच बसायची. आडवी ठेवायची तर चिमटा सोडवून पुन्हा लावायला लागायचा आणि त्यात वीस मिनिटं गेली असती. मी आडवी कधी मोजलीच नाही. एक्केचाळीस नाही, चाळीस नाही, एकही नाही. कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तिने विचारलं, तेव्हा मी जे केलं ते मला ओळखीचं होतं. शाळेत वहीवर शाई सांडली, तेव्हाही मी ती अशीच हाताखाली झाकून बसले होते. शनिवारचा दिवस तसाच गेला. रविवारी मिसेस ड्रागिचेविच म्हणाल्या, "तुला बरं नाही का? सकाळपासून तू कुणाला काही बोलली नाहीस!" आज सकाळी त्या पोरीचं कार्ड आलं. तिने माझ्यासाठी चुकीचा आकडा तसाच ठेवला. चांगल्या हातांना मी पहिली वाईट सवय लावली.

तेव्हा लाल अक्षरांतलं ते तू खोडलेलं परत लिही. या गुरुवारी केक मी घेऊन येतेय, संत्र्याचा. माझा पहिला आहे, कुणीही दात काढायचे नाहीत.

कॉ. मिफ्सुद


प्रयोगशाळा
सोमवार, ३१ मार्च

प्रिय मिस,

केक संपला. टोपसुद्धा कुणीतरी बोटाने पुसून चाटला. इराणी पोरगा म्हणतो, अशी चूक तुम्ही दर आठवड्याला करावी.

पत्र थूयला वाचून दाखवलं. ती मध्येच खिडकीपाशी गेली, मग परत येऊन म्हणाली, "पुढचं वाचा."

पण अहवालात काही बदलू नये, असं माझं मत आहे. उभा मोजला तर शहाऐंशी, हे खोटं नाही. जगात अर्धेअधिक लोक एकाच बाजूने मोजतात आणि गप्प बसतात. दोन टक्क्यांचा प्रश्न आहे. नौकेची काच चालते, ब्रेंडाने दुसऱ्या नौकेसाठी मागणी केलीय. शुक्रवारी, ११ एप्रिलला अहवाल छापायला जातो. फेब्रुवारीत मी तुमच्या नावापुढे ते शब्द लावले, त्याची मला अजून लाज वाटते. पुन्हा लावायला हात धजत नाही. एवढ्या वर्षांनी तुमची ओळ आली आहे, मिस. ती छान दिसते. राहू द्या.

तुमचा,
लॉकलन


नॉर्लेन, जिलॉन्ग
गुरुवार, ३ एप्रिल २०२५

डॉ. लॉकलन प्रिंगल यांस,

आपलं दिनांक ३१ मार्चचं पत्र बुधवार, २ एप्रिल रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मिळालं, आणि अकरा वाजून बारा मिनिटांनी माझा चहा बशीत सांडला होता. सहा फेब्रुवारीला झालेला अपमान बरा होता, असं मला वाटलं. तेव्हा तुम्ही मला चुकलेली म्हणालात. आता तुम्ही मला छान दिसणारी म्हणताय!

दोन टक्के? लॉकलन, एकतीस वर्षं मी तुझ्यासारख्यांना खोलीबाहेर काढलं ते एका शिंकेवरून. दोन टक्के म्हणजे काही नाही, असं असतं तर मी तुला सोळा नमुन्यांवरून एवढं बोलले असते का? जग एका बाजूने मोजतं म्हणतोस. जगाला माझी ओळ नाही, मला आहे. आणि ज्या पोरीने पट्टी पाव फेरी वळवली, तिने ते केलंच नाही असं तू छापणार? तिला पुढे तीस वर्षं त्या यंत्रापाशी उभं राहायचंय. तिने काय शिकायचं, की म्हातारीला वाईट वाटेल म्हणून आकडा तसाच सोडायचा?

मला तुझी दया नको. दया आली तर फर्नला पाणी घाल, नीट.

ओळ अशी लिहायची. मी सांगते तशी, एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही :

"नमुना ४१. उभा : ८६. आडवा : मोजला नाही. नमुना तुटल्यामुळे आता मोजता येणार नाही. ऑपरेटरची चूक. कॉन्चेत्ता मिफ्सुद."

त्याच्या खाली : "दोन्ही दिशांनी मोजण्याची गरज थूय लाम यांनी दाखवली. त्यांचे नमुने : ८४."

चौऱ्याऐंशी माझ्या ओळीत घालायचे नाहीत. ते तिचे आहेत, मी ते कधी मोजले नाहीत. शहाऐंशी खोडायचेही नाहीत, ते मी डोळ्यांनी पाहिलेत. आणि 'ऑपरेटरची चूक' काळ्या शाईत, बाकीच्या अक्षरांएवढ्याच आकारात. लाल करून मिरवू नये, बारीक करून लपवू नये.

माझं नाव छापील पानावर एकदाच येणार आहे. एकदाच येणार असेल, तर ते खऱ्या वाक्यात यावं.

बदललेल्या पानाची प्रत, तुझ्या सहीनिशी आणि साक्षीदार म्हणून थूयच्या सहीनिशी, बुधवार, ९ एप्रिल रोजी दुपारी चार वाजेपर्यंत माझ्या पत्रपेटीत पडलेली असावी. फोन करू नये, मी उचलणार नाही. मिठ्या, टाळ्या आणि कोपरं पाठवू नयेत. चार वाजून एक मिनिटाने मी बस पकडून स्वतः तिथे येईन आणि तुम्हा सगळ्यांच्या समोर ती ओळ हाताने लिहीन.

लेखी उत्तराची वाट पाहत आहे.

कॉन्चेत्ता मिफ्सुद